मावशी आणि हजार बेटं

"मग? पुढे काय झालं?"

हे विचारताना मावशी हातातलं काम थांबवायच्या. भाजी निवडत असल्या तर मेथीची काडी तशीच बोटांत राहायची, मान जराशी कलती व्हायची आणि त्या आपल्याकडे अशा बघायच्या की जे सांगायचं नाही असं ठरवून आलेलो असू, तेही सांगून मोकळे व्हायचो.

बोलायची भूक असलेली माणसं तुम्ही आम्ही ढिगाने पाहिली आहेत. ऐकायची भूक असलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि तेही जर्सी सिटीत, जिथे लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं नाव आम्हाला वर्षवर्ष ठाऊक नसायचं.

मावशी आमच्याच मजल्यावर राहायच्या, संदीपकडे. संदीप माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या ऑफिसातला. त्याची बायको मंजिरी बाळंत झाली, तेव्हा तिच्या या सासूबाई सांगलीहून आल्या. सांगलीच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवलं होतं. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचं आणि पोरांना विचारायचं, "मग? पुढे काय झालं असेल?" शाळा सुटली, सवय राहिली.

आमच्या बिल्डिंगला एक वयस्कर डोअरमन होता, मूळचा हैतीचा. त्याचा ट्रक त्याच्या मेहुण्याने उसना नेला होता आणि मेहुणा ट्रकसकट फ्लोरिडाला पसार झाला होता. ही हकीकत आम्हा कुणालाच माहीत नव्हती. मावशींना ती आठवड्याभरात तोंडपाठ झाली. बाळाची गाडी ढकलत बाहेर पडताना त्या काउंटरपाशी थांबून एकच शब्द उच्चारायच्या, "देन?" आणि तो माणूस टोपी काढून ठेवून सांगायला लागायचा. त्याचं इंग्रजी आम्हालाही नीट कळत नसे. मावशींना कसं कळायचं, देव जाणे. ट्रक परत आला त्या दिवशी त्याने पहिली बातमी त्यांना दिली. मावशींनी त्याला डिंकाचा लाडू दिला. तो बाळंतिणीसाठी असतो, हे सांगायच्या फंदात कुणी पडलं नाही.

माझंही तेच. एकदा ऑफिसात मॅनेजरशी वाजलं होतं, ते मी लाँड्री रूममध्ये त्यांच्यापाशी ओकून टाकलं आणि विसरले. पंधरा दिवसांनी लिफ्टचं दार उघडलं तर समोर मावशी. "मग? त्या बाईचं पुढे काय झालं?" घरी आईला फोनवर मी 'सगळं ठीक' एवढंच सांगायचे. निखिलला ते भांडण आठवतही नव्हतं. मावशींनी माझी गोष्ट पंधरा दिवस सांभाळून ठेवली होती.

तर २००६च्या ऑगस्टमधली ही हकीकत. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं होतं. मंजिरीची बहीण तिच्या सोबतीला आली आणि मंजिरीने फर्मान काढलं, "आईंना कुठेतरी घेऊन जा. अमेरिकेत येऊन त्यांनी फक्त माझं किचन बघितलंय." संदीप, मावशी, निखिल आणि मी असे चौघं थाउजंड आयलंड्सला निघालो. न्यूयॉर्क राज्याच्या पार वरच्या टोकाला सेंट लॉरेन्स नदी आहे. अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडा आणि मधल्या पात्रात विखुरलेली बेटं. त्यातल्या एका बेटावर एक किल्ला आहे. बोटीने फिरायचं, किल्ला बघायचा, परत यायचं, असा बेत.

वाटेत एका रेस्ट एरियात मावशी बाथरूमला गेल्या, तेवढ्यात संदीपने आम्हाला गाठलं.

"यार, एक हेल्प करा. सांगलीच्या घराला गिऱ्हाईक आलंय. चांगली ऑफर आहे. पण आईकडे विषय काढायची डेरिंग होत नाही. ती एकटी राहते तिकडे, मागच्या वर्षी पुरात दोन दिवस गच्चीवर काढले तिने. मला इथे झोप नव्हती. तिथे पोचल्यावर मी विषय काढला की तुम्ही पण जरा बोला ना."

आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात मावशी आल्या. बाथरूमच्या रांगेत भेटलेल्या एका बाईची सून तिला नातवंडं भेटू देत नाही, ही बातमी घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीत बसलो. दुमजली बोट, वरच्या मजल्यावर वारा, आणि माइकवर एक गाइड. नदीत समोरून दुसरी बोट आली की दोन्हीकडचे लोक एकमेकांना हात करत होते. आम्ही एकदा-दोनदा केला आणि मग कॅमेऱ्यात डोकं घातलं. मावशींनी मात्र ते काम अंगावर घेतलं. एकही बोट त्यांनी रिकाम्या हाताने जाऊ दिली नाही. एका मासे धरणाऱ्या म्हाताऱ्याने पाहिलं नाही, तर तो वळून बघेपर्यंत त्या हात हलवत राहिल्या.

गाइड म्हणाला, की इथे बेट म्हणवून घ्यायचं तर दोन अटी आहेत. बारा महिने पाण्याच्या वर राहायला हवं आणि त्यावर निदान एक तरी झाड हवं.

मी भाषांतर करून सांगितलं. मावशींनी क्षणभर विचार केला.

"मग मागच्या वर्षी आमची गच्ची बेट होती की गं. तुळस होती वर."

संदीप हसला नाही. निखिलने माझ्याकडे बघितलं. मावशी पुढच्या बोटीला हात करायला वळल्या.

पुढे दोन चिमुकली बेटं आली, मध्ये वीतभर पूल, पुलावर दोन देशांचे झेंडे. एका बेटावर घर, दुसऱ्यावर बाग. घर कॅनडात आणि बाग अमेरिकेत, असं गाइड म्हणाला. मावशींनी विचारलं, "म्हणजे फुलं तोडायला व्हिसा लागतो?" संदीप आता मात्र हसला आणि गळ्यातल्या पाऊचवरून त्याने हात फिरवला. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट त्यात होते. तेव्हा आम्ही सगळे व्हिसावरचे लोक. घरातून निघताना एकवेळ पाकीट विसरू, पण सरहद्दीच्या आसपास पासपोर्टवरचा हात काढणार नाही.

मग किल्ला आला. झाडांच्या वर टोकदार लाल छपरं, बुरूज, नदीवरच एक कमान. खरं सांगायचं तर ते एका कोट्यधीश हॉटेलवाल्याने बांधायला घेतलेलं राहतं घर. मावशी पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्या घराचा केर कुणी काढायचा?"

आतल्या मोठ्या दालनात एक कॉलेजवयीन मुलगी गोष्ट सांगत होती. शंभर वर्षांपूर्वी हा हॉटेलवाला आपल्या लाडक्या बायकोसाठी हा महाल बांधत होता. बेटालाही त्याने बदामाचा आकार द्यायला लावला, दगडांत बदाम कोरून घेतले. शेकडो कारागीर राबत होते. आणि एके दिवशी तार आली, काम थांबवा. बायको गेली होती. कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली आणि नदीपार निघून गेले. तो माणूस पुन्हा कधीही या बेटावर आला नाही. कितीतरी वर्षं हा महाल तसाच अर्धवट, वाऱ्या-बर्फात उभा होता.

सगळ्यांनी उसासे टाकले. एका बाईने नवऱ्याचा दंड धरला. त्या शांततेत मावशी मला म्हणाल्या, "विचार तिला, पुढे काय झालं?"

"मावशी, संपली गोष्ट."

"अगं, संपली कशी? त्यांना मुलं होती का? मुलांचं काय झालं?"

मी विचारलं. ती मुलगी जरा गडबडली. हे तिला बहुधा कुणी विचारत नसावं. मग म्हणाली, हो, दोन मुलं होती. मोठी झाली, लग्नं झाली. तो माणूसही पुढे बरीच वर्षं जगला, हॉटेलं चालवली. मुलांसाठी इथे पाण्याकाठी खेळायचा एक स्वतंत्र मनोरा बांधला होता, तो तेवढा पुरा झाला होता.

मावशींनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. वरच्या मजल्यावर अजून दुरुस्ती झाली नव्हती. तिथल्या भिंतींवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वर्षानुवर्षं आपली नावं लिहून ठेवली होती, बदामात बाण मारून. ते बघून मावशींचा चेहरा खुलला. "म्हणजे हे लोकही लिहितात! मी सहलीला पोरांना उगाच रागवायची, तिकडे परदेशात बघा म्हणून." त्यांनी चष्मा चढवून बरीच नावं वाचली, हजेरी घेतल्यासारखी.

त्या मजल्यावरच्या एका उघड्या खिडकीशी आम्ही उभे होतो. खाली नदी चकाकत होती. मावशी भिंतीवर तळवा ठेवून, कुणालाही उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "मनाला लागलं असेल बिचाऱ्याच्या. पण पोरांना दाखवायचं तरी, की आईसाठी घेतलेलं काम पुरं झालं."

मग त्या संदीपकडे वळल्या. "तुझे बाबा गेले तेव्हा आपलं घर खिडक्यांच्या वर आलं होतं, छप्पर नव्हतं. तू सात वर्षांचा. सगळे म्हणाले, आहे तसं विकून टाका. मी गवंड्याला निरोप धाडला, दिवस झाले की चौदाव्या दिवशी कामावर ये. तो बिचारा येऊन रडायलाच लागला. मी म्हटलं, अरे, रड, पण वीट लाव. सकाळी शाळेच्या आधी मी भिंतींना पाणी मारायची. तू विचारायचास, आई, भिंतींना तहान लागते का?"

"मला आठवत नाही," संदीप म्हणाला.

"नसेलच आठवत. स्लॅब पडला त्या रात्री आपण दोघं वर झोपलो होतो, नवीन गच्चीवर."

संदीप बराच वेळ नदीकडे बघत राहिला. घराच्या गिऱ्हाइकाचा विषय त्याने काढला नाही. आम्हीही गप्प बसलो.

खाली उतरल्यावर मावशींचे गुडघे बोलायला लागले. धक्क्याजवळ एका बाकावर त्या टेकल्या. "तुम्ही तो पलीकडचा मनोरा बघून या. मी इथे सावलीत बसते." बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक पंजाबी म्हातारी बसलेली होती, सलवार-कमीज, पायांत पांढरे बूट, मांडीवर पर्स. आम्ही दहा पावलं गेलो असू, तोवर मागून मावशींचा आवाज आलाच, "आप किधरसे आया?"

परत आलो तर बाक रिकामा.

आधी बाथरूम बघितलं. मग आइस्क्रीमचं दुकान, मग पुन्हा किल्ला. संदीप "आई!" अशी हाक मारत धावत होता आणि लोक वळून बघत होते. निखिलने धक्क्याकडे बोट केलं. पलीकडच्या धक्क्यावरून एक बोट नुकतीच सुटली होती. वरच्या मजल्यावर सात-आठ सलवार-कमीज आणि त्यांच्या मधोमध एक आमसुली पाचवारी. आम्ही तिघांनी हात हलवले. पाचवारीने आम्हाला ओळखलं आणि मोठ्या आनंदाने हात केला. मग तो हात मध्येच थांबला.

बोटीच्या मागच्या टोकाला कॅनडाचा झेंडा होता.

त्या किल्ल्याला दोन्ही देशांतून बोटी येतात. अमेरिकेच्या निराळ्या धक्क्याला लागतात, कॅनडाच्या निराळ्या. कॅनडाहून येणाऱ्यांसाठी बेटावरच इमिग्रेशनची चौकी आहे. जाणाऱ्यांना मात्र कुणी फारसं विचारत नसे. पंजाबी कुटुंबाचा मोठा घोळका, तिकिटं एकाच्या हातात, त्यात गप्पांत बुडालेल्या दोन म्हाताऱ्या. बोटवाल्याने सगळ्यांना एकाच घरचं समजून पुढे सोडलं.

संदीप पांढराफटक पडला. "पासपोर्ट माझ्याकडे आहे. तिच्याकडे काहीच नाही, यार. कॅनडाचा व्हिसा नाही. परत एंट्री दिली नाही तर?" आज हे वाचताना गंमत वाटेल. पण ती वर्षं तशी होती. विमानतळावर आडनावाचं स्पेलिंग चुकलं तरी आम्ही वकिलाला फोन लावायचो. संदीपच्या ग्रीन कार्डाचं प्रकरण तेव्हा चालू होतं. ते वाहून गेलं, अशीच त्याची समजूत झाली.

चौकीवरचा अधिकारी अंगाने आडवा आणि स्वभावाने सावकाश होता. त्याने सगळं ऐकलं, पासपोर्ट चाळला, पलीकडच्या बोटीशी कुणाकडून तरी बोलणं करवलं आणि म्हणाला, की तिला तिकडे बोटीतून उतरू देऊ नका असं सांगितलंय, पुढच्या फेरीत तीच बोट तिला घेऊन येईल. "ती ठीक आहे ना?" संदीपने विचारलं. अधिकाऱ्याने खांदे उडवले. "कॅप्टन म्हणतोय, ती त्याला त्याच्या आईबद्दल विचारतेय."

आम्ही धक्क्यावर बसून राहिलो. ऊन उतरत होतं. बोटी येत होत्या, त्यातले लोक हात करत होते. आम्ही कुणालाच उलट हात केला नाही.

शेवटी ती बोट आली. वरच्या डेकवर, कठड्याला धरून, मावशी उभ्या होत्या. शेजारी ती पंजाबी म्हातारी, घरचे तिला बीजी म्हणत. तिचं कुटुंब तिकडे उतरून गेलं होतं, पण ती मावशींना पोचवायला पुन्हा तिकीट काढून आली होती. मावशी हसत होत्या. आम्हाला बघून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि पाण्यावरूनच ओरडल्या, "कॅनडा बघून आले रे! चांगलाय! पण उतरू देत नाहीत!"

चौकीवर अधिकाऱ्याने पासपोर्ट हातात घेतला आणि चेहरा शक्य तेवढा गंभीर केला. "मॅडम, कॅनडाला जाण्याचं कारण?"

हे मात्र मावशींना भाषांतराशिवाय कळलं. त्या वर्गात उभ्या राहायच्या तशा ताठ उभ्या राहिल्या. "टॉकिंग, सर."

तो एवढा हसला, की आतून दुसरा अधिकारी बघायला आला. पासपोर्ट परत देताना तो संदीपला म्हणाला, की आईचा हात धरून ठेव. संदीपने खरोखरच धरला. बोटीत धरला, उतरल्यावर धरला, मोटेलपर्यंत धरला. "अरे, सोड की, घाम आलाय," मावशी म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर, गाडी चालवताना, संदीप एकदम म्हणाला, "आई, घराचं…"

"मला माहितीये," मागच्या सीटवरून मावशी म्हणाल्या. "मंजिरी बोलली मला. वीक की, तुझंच आहे. पण मी आहे तोवर थांब."

"मी विकत नाहीये. गच्चीला पत्रे घालूया का, ते विचारत होतो."

मावशींनी यावर काहीच विचारलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

व्हिसाची मुदत संपायच्या आत त्या सांगलीला परत गेल्या. डोअरमन टॅक्सीपर्यंत बॅग घेऊन गेला. बीजी कॅनडात ब्रॅम्प्टनला राहायची, तिथून दर रविवारी फोन कार्ड वापरून सांगलीला फोन लावायची. दोघींचं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. संदीप म्हणायचा, आई माझ्याशी पाच मिनिटं बोलते आणि बीजीशी कार्ड संपेपर्यंत.

२००८च्या हिवाळ्यात मावशी गेल्या. सांगलीत, त्यांच्या घरात, दुपारी झोपेत. संदीप, मंजिरी आणि बाळ तातडीने निघून गेले. इथल्या घराची किल्ली माझ्याकडे ठेवली होती, झाडांना पाणी घालायला. रविवारी मी तिथे असताना फोन वाजला. बीजी होती. "बहनजी फोन नहीं उठा रही. दो हफ्ते हो गए."

मी सांगितलं. मग तिनेच बोलायला सुरुवात केली, त्या बोटीतल्या दिवसाबद्दल. आम्हाला ठाऊक नसलेलं ती सांगत होती. चुकीच्या बोटीत बसल्याचं कळलं तेव्हा मावशी खूप रडल्या होत्या. माझ्यामुळे मुलाची नोकरी जाईल, त्याला देशाबाहेर काढतील, तान्हं बाळ आहे, असं म्हणत बीजीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या होत्या. कॅप्टनने पाणी दिलं, पलीकडच्या साहेबाने समजूत घातली, तरी थांबत नव्हत्या.

"और फिर?" मी विचारलं.

बीजी म्हणाली, परतताना किल्ला दिसायला लागला तशी मावशींनी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. केस सोडून पुन्हा बांधले. बीजीकडून पर्समधला आरसा मागून घेतला, डोळे लाल दिसतात का ते दोनदा पाहिलं. मग गुडघे दुखत असताना जिना चढून वरच्या डेकवर गेल्या, कठड्याशी जागा धरली आणि बीजीला विचारलं, "इधरसे मैं उसको दिखेगी ना?"